‘हे खरे नाही’ या उत्तराला जागा न ठेवता : आमदारांकरवी विधिमंडळात प्रश्न पोचवण्याची रीत

शाळेत शिक्षक नाही, निराधार अनुदानाचा हप्ता आलेला नाही, दवाखान्यात औषध बाहेरून आणायला सांगतात, अशी तक्रार घेऊन आमदारांच्या कार्यालयात जाणारा माणूस बहुधा एक निवेदन घेऊन जातो. निवेदन देताना फोटो निघतो, कागदावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो, आणि ज्या कचेरीविरुद्ध तक्रार होती त्याच कचेरीच्या आवक टेबलावर तो कागद फिरून येतो. निवेदन देऊ नये असे मी म्हणत नाही, परंतु सभागृहात स्वीकृत झालेल्या प्रश्नाची गोष्ट निराळी असते. त्याला संबंधित मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, ते उत्तर छापले जाते, आणि ते तयार करण्यासाठी मंत्रालयातून आयुक्तालयाला, तेथून सोलापूरच्या जिल्हा परिषदेला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि तेथून तालुक्याला तातडीची विचारणा येते. वर्षभर न हललेली फाइल त्या आठवड्यात हलते. प्रश्न सभागृहात पुकारला जाण्याआधीच काम झाल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

मात्र हे सगळे प्रश्न कसा लिहिला आहे यावर अवलंबून असते. आमदार साहेब असोत वा ताई, त्यांच्याकडे प्रत्येक अधिवेशनापूर्वी प्रश्नांचा ढीग असतो आणि मसुदे करायला एक-दोन स्वीय सहायक असतात. आपण कागदपत्रांसह नेटका मसुदा नेऊन दिला, तर तो पुढे जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. हा लेख त्या मसुद्याविषयी आहे.

आधी कोणाला विचारायचे ते ठरवा

सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे अकरा मतदारसंघ आहेत : करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस. तालुकेही अकराच असले तरी दोन्हींच्या सीमा जुळत नाहीत. मंगळवेढ्याच्या मतदाराचा आमदार पंढरपूर मतदारसंघाचा असतो, हे बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकांना अनेकदा ठाऊक नसते. याशिवाय विधान परिषदेत पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक असे दोन मतदारसंघ आहेत, ज्यांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर यांच्यासह सोलापूरही येते. शिक्षणाचा विषय असेल तर शिक्षक मतदारसंघाच्या सदस्यांकडे जाणे स्वाभाविक ठरते.

आपल्या मतदारसंघाचा आमदार मंत्री झाला असेल तर तो प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघातील किंवा परिषदेतील सदस्याकडे जाण्यात संकोच करू नये, कारण राज्यातील कोणत्याही ठिकाणाविषयी कोणताही सदस्य प्रश्न विचारू शकतो. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांनी सह्या केल्या तर त्याचे वजनही वाढते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम निवडून आले आणि एकूण अकरा वेळा सभागृहात बसले. आपल्या जिल्ह्याला सभागृहाच्या कामकाजाकडे गांभीर्याने पाहण्याची सवय अशा माणसांमुळे लागली, असे मला वाटते.

त्यानंतरचा मुद्दा अधिकारक्षेत्राचा. विधिमंडळात फक्त राज्य शासनाच्या अखत्यारीतील बाब विचारता येते. सोलापुरातील विडी वळणाऱ्या बाईच्या भविष्यनिर्वाह निधीचे किंवा निवृत्तिवेतनाचे गाऱ्हाणे केंद्राकडे जाते, तसेच रेल्वेचेही. ते खासदारांकडे न्यावे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात आणि त्यांची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा तेथेही वाट आहेच. फक्त ती वेगळी आहे. उलट त्याच बाईचे संजय गांधी निराधार अनुदान, तिच्या मुलाची अंगणवाडी आणि मुलीची शाळा हे तिन्ही विषय राज्याचे आहेत, परंतु ते तीन वेगवेगळ्या खात्यांचे आहेत.

खाते चुकले तर सगळे चुकले

येथे थोडे थांबावे लागेल, कारण निम्मे मसुदे याच ठिकाणी बिघडतात. आपल्याला कचेरी दिसते, खाते दिसत नाही.

सोलापूरचे सिव्हिल घ्या. सर्वसामान्य माणूस ते ‘सरकारी दवाखाना’ म्हणून आरोग्यमंत्र्यांना प्रश्न लिहितो. परंतु सिव्हिल म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आणि ते वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत आहे. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय आणि गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाचे. एकाच प्रश्नात दोन्ही घातले तर एक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि प्रश्न या विभागातून त्या विभागात हस्तांतरित होत राहतो; तोवर अधिवेशन संपते.

जिल्हा परिषदेच्या शाळेचेही तसेच आहे. संचमान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकपदांना मिळणारी मंजुरी), पटसंख्या, शिक्षकांची भरती, अभ्यासक्रम, मध्यान्ह भोजन हे शालेय शिक्षण विभागाचे विषय, पण जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ग्रामविकास विभाग करतो. ‘आमच्या शाळेतील शिक्षकाची बदली झाली आणि बदल्यात कोणी आले नाही’ हे एकच वाक्य आहे, पण त्यात दोन मंत्री आहेत. अशा वेळी रिक्त पदावर भर द्यायचा की बदलीच्या प्रक्रियेवर, हे आपण आधी ठरवावे. महापालिकेच्या शाळेच्या इमारतीविषयी विचारायचे असेल तर नगरविकास विभाग येतो. अंगणवाडी सेविका जिल्हा परिषदेच्या आवारात दिसली तरी ती महिला व बाल विकास विभागाच्या योजनेत काम करते. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांचे अर्ज तहसीलदार कार्यालयात दिले जातात म्हणून लोक महसूलमंत्र्यांना विचारतात. खाते मात्र सामाजिक न्याय व विशेष सहाय्य हे आहे. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आता इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे असते, तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची सामाजिक न्याय विभागाकडे.

शंका असेल तर त्या विषयाचा शासन निर्णय शोधावा. त्याच्या डोक्यावर विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक छापलेला असतो. शासन निर्णयाचा दिनांक मसुद्यात घातला की प्रश्न लिहिणारा माणूस तयारीने आला आहे हे उत्तर लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्यालाही कळते.

कागद कधी आणि कसे गोळा करावेत

विधिमंडळाची वर्षात तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि पावसाळी अधिवेशन जून-जुलैच्या सुमारास मुंबईत, तर १९५३ च्या नागपूर कराराच्या परंपरेने हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात नागपुरात होते. तारांकित प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या सुमारे महिनाभर आधीच द्याव्या लागतात. म्हणून अधिवेशन सुरू झाल्याची बातमी वाचून आमदारांकडे धावणाऱ्याला तारांकित प्रश्नापुरता उशीर झालेला असतो.

सोलापूरकराने आपल्या दिनदर्शिकेवर अशी खूण करावी : जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा अर्थसंकल्पी अधिवेशनाचा मसुदा हातात तयार हवा, आषाढीच्या दिंड्या पंढरपूरकडे निघण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे शाळांच्या उन्हाळी सुट्टीतच, पावसाळी अधिवेशनाचा, आणि दिवाळीचा फराळ संपण्याआधी नागपूरचा.

कागद मिळवायला त्याहून आधी लागावे लागते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची असते आणि पुष्कळदा ते शेवटच्या दिवशी येते किंवा येतच नाही. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा, आणि ‘माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता ‘अमुक दिनांकास मंजूर, भरलेली व रिक्त पदे दर्शविणाऱ्या विवरणपत्राची प्रत द्यावी’ असे कागदाचे नाव घ्यावे. उत्तर न आल्यास ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. अपिलाची पोच हाही एक पुरावा असतो आणि तो प्रश्नासोबत जोडता येतो.

शाळेविषयी असेल तर माहिती अधिकाराचीही गरज अनेकदा पडत नाही. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेला मिळालेला शासकीय ओळख क्रमांक, घेऊन पटसंख्या, वर्गखोल्या आणि शिक्षकसंख्या पाहता येते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मुख्याध्यापकांकडे असते आणि त्यात ‘शिक्षक मिळावा’ असा ठराव असेल तर त्याच्यासारखा पुरावा नाही. दाखल्यांच्या बाबतीत अर्जाची पोच जपावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते, मुदत टळल्यास अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. किती अर्जांना मुदतीत उत्तर मिळाले नाही आणि किती प्रकरणांत दंड झाला, हा आकडा विचारला की कचेरीची झोप उडते, कारण तो सहसा कोणी विचारत नाही.

न्यायालयात प्रलंबित असलेली बाब विचारता येत नाही. शिक्षकांच्या नेमणुकीवर किंवा समायोजनावर याचिका असेल तर आधी चौकशी करावी. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो, तेव्हा जुनी याचिका मुंबईत असेल असे गृहीत धरून चालू नये.

मसुदा

पहिल्यांदा मी एका शाळेसाठी मसुदा लिहिला तेव्हा मोठ्या उमेदीने लिहिले होते की, ‘सदर शाळेतील गणित विषयाचे पद गेल्या तीन वर्षांपासून रिक्त असून विद्यार्थ्यांचे अतोनात नुकसान होत आहे व पालकांनी वारंवार निवेदने देऊनही प्रशासन झोपले आहे, हे खरे आहे काय’. पद रिक्त होऊन त्या दिवशी दोन वर्षे दहा महिने झाले होते. छापून आलेले उत्तर असे होते : ‘हे खरे नाही.’ आणि त्याखालच्या चारही उपभागांना एकच उत्तर : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ उत्तर खोटे नव्हते. तीन वर्षे झालेली नव्हती, प्रशासन झोपले आहे हे कोणी मान्य करणार नव्हते, आणि माझ्या वाक्यात इतक्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या की त्यांतली एक गळाली तरी सगळे नाकारता येत होते. तेव्हापासून मी प्रश्न लिहिताना आधी उत्तर लिहून पाहतो. आपण स्वतः त्या विभागाचे कक्ष अधिकारी आहोत असे समजावे आणि या प्रश्नाला कमीत कमी शब्दांत कसे टाळता येईल ते पाहावे. पळवाट सापडली की ती बुजवावी.

विधिमंडळाच्या प्रश्नांची एक ठरलेली धाटणी आहे आणि ती विचारपूर्वक घडलेली आहे. ‘माहे जून, २०२५ मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय’ या वाक्यातील ‘वा त्या दरम्यान’ हे तीन शब्द नवख्याला पाल्हाळ वाटतात. पण तारखेच्या चुकीवर बोट ठेवून सुटण्याची वाट तेच बंद करतात. त्याचप्रमाणे ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ यांनी पुढचे उपभाग जोडलेले असतात, जेणेकरून होय म्हटले तरी पुढे सांगावे लागते आणि नाही म्हटले तरी कारण द्यावे लागते.

एक उदाहरण घेऊ. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, शहरात तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या. आपल्या जिल्ह्याचा हा जुना थाट आहे. समजा, कन्नड माध्यमाच्या शाळांत शिक्षकांची पदे रिक्त आहेत आणि ते विचारायचे आहे. मसुदा असा होईल :

‘सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :—

(१) सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये शिक्षकांची पदे रिक्त असल्याची बाब माहे (महिना व वर्ष) मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आली आहे, हे खरे आहे काय ;

(२) असल्यास, उक्त शाळांमध्ये संचमान्यतेनुसार मंजूर, कार्यरत व रिक्त पदांची शाळानिहाय संख्या किती आहे ;

(३) असल्यास, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २६ अन्वये रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत या तरतुदीचे पालन न झालेल्या शाळा किती आहेत ;

(४) असल्यास, कन्नड माध्यमाच्या उमेदवारांची मागणी पवित्र प्रणालीवर केव्हा नोंदविण्यात आली आणि पदे भरेपर्यंत अध्यापनाची कोणती पर्यायी व्यवस्था करण्यात आली वा करण्यात येत आहे ;

(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?’

पहिल्या भागात एकच गोष्ट आहे आणि ती नाकारता येण्याजोगी नाही. दुसऱ्यात आकडे मागितले आहेत, तेही शाळानिहाय, कारण तालुक्याची सरासरी सांगून एखाद्या शाळेचे रितेपण झाकता येते. तिसऱ्यात कायद्याचे कलम आहे. त्यामुळे प्रश्न गाऱ्हाण्याच्या पातळीवरून कर्तव्याच्या पातळीवर येतो. त्याच अधिनियमाच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, पण ते ‘शक्यतो’ असल्याने मी ते मूळ प्रश्नात न घालता उपप्रश्नासाठी राखून ठेवीन. चौथ्यात पवित्र प्रणालीवरील, म्हणजे शिक्षकभरतीच्या शासकीय संकेतस्थळावरील, मागणीबरोबरच पर्यायी व्यवस्था विचारली आहे, कारण भरती वर्षानुवर्षे चालते आणि पाचवीतले मूल त्या काळात आठवीत जाते.

काही गोष्टी मसुद्यात मुळीच नसाव्यात. टीका, उपरोध, विशेषणे, ‘भोंगळ कारभार’ यासारखे वर्तमानपत्री शब्द, कोणाही अधिकाऱ्यावर नावानिशी आरोप, आणि मंत्र्याचे ‘मत’ विचारणे यामुळे प्रश्न अस्वीकृत होतो. मत विचारण्याऐवजी ‘असा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे काय’ असे विचारता येते, आणि धोरणाच्या बाबतीत तोच खरा उपयोगी प्रश्न असतो. ज्याच्यासाठी प्रश्न विचारला जातो त्या विधवेचे, मुलाचे किंवा रुग्णाचे नाव तर कधीही घालू नये. छापील यादी राज्यभर जाते आणि नाव एकदा छापले की परत घेता येत नाही. संख्या द्यावी, गाव द्यावे, नाव आमदारांच्या खाजगी टिपणात ठेवावे.

निराधार अनुदानाचा प्रश्न याच रीतीने पाहू. संजय गांधी योजनेत विधवा व निराधार लाभार्थ्यांना दरमहा १५०० रुपये मिळतात आणि कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला १७५० रुपयांहून अधिक मिळवणारे घर अपात्र ठरते. विड्या वळणाऱ्या किंवा लूमवर मजुरी करणाऱ्या घराला एवढ्यात महिना कसा काढायचा हे सोलापुरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. आता ‘लाभार्थ्यांवर अन्याय होत आहे’ असे लिहिल्यास उत्तर मिळेल की नियमानुसार कार्यवाही चालू आहे. त्याऐवजी दोन स्वतंत्र प्रश्न करावेत. पहिला अंमलबजावणीचा : सोलापूर शहर व जिल्ह्यात अमुक महिन्याअखेर किती अर्ज प्रलंबित होते, केवळ उत्पन्नाच्या कारणावरून किती नाकारले गेले, आधार जोडणी नसल्यामुळे किती लाभार्थ्यांचे हप्ते थांबले. दुसरा धोरणाचा : उत्पन्नमर्यादा वाढविण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे काय, असल्यास सद्यःस्थिती काय, नसल्यास कारणे काय. दोन्ही एकाच मसुद्यात कोंबले की विभाग सोप्या भागाचे सविस्तर उत्तर देतो आणि अवघड भाग एका ओळीत संपवतो.

कोणते हत्यार केव्हा

तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. त्याची खरी ताकद त्या उपप्रश्नांत आहे. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते, म्हणून लोक त्याला दुय्यम समजतात. मला ते पटत नाही. शाळानिहाय आकडे, गावनिहाय याद्या, पाच वर्षांचा तपशील हवा असेल तर अतारांकितच बरा, कारण गोंगाटात तो वाहून जात नाही. मागच्या उत्तराने समाधान झाले नसेल तर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते.

काही बाबींना महिनाभर थांबता येत नाही. शाळेची भिंत पडली, वसतिगृहात मुलांना विषबाधा झाली, तर लक्षवेधी सूचना द्यावी. विधानसभेत ती नियम १०५ खाली आणि परिषदेत नियम १०१ खाली दिली जाते. ती ताज्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या घटनेसाठी असते. आलेल्या सूचनांच्या तुलनेत फार थोड्या सभागृहात येतात, त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेल्या गोष्टीसाठी लक्षवेधीचा आग्रह धरू नये. सोलापूर शहराला अनेक वर्षे नळाचे पाणी रोज येत नाही, ते काही दिवसांच्या आड येते. हा विषय जिव्हाळ्याचा असला तरी तो लक्षवेधीत टिकत नाही. त्याऐवजी उजनीवरील जलवाहिनीच्या कामाची मुदत, झालेला खर्च आणि शिल्लक काम विचारणारा तारांकित प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. नियमांच्या पलीकडे, विनंती अर्ज समितीकडे सदस्यामार्फत अर्ज देण्याचा मार्गही आहे. तो सावकाश चालतो, पण समिती अधिकाऱ्यांना समोर बोलावू शकते.

आमदारांच्या कार्यालयात

मसुदा एका पानात बसवावा. त्याच्या मागे जोडपत्रे क्रमांक घालून लावावीत आणि वर अर्ध्या पानाचे टिपण असावे, ज्यात विषय, खाते, बाधित लोकांची संख्या आणि आपला दूरध्वनी क्रमांक एवढेच असेल. साहेबांना भेटण्याचा हट्ट धरण्यापेक्षा प्रश्नांचे काम पाहणाऱ्या सहायकाला भेटावे. मजकूर मराठीत टंकलिखित करून, युनिकोडमध्ये, मोबाइलवरही पाठवून ठेवावा. पुन्हा टाइप करण्याचा त्रास वाचवणाऱ्या मसुद्याला पहिला मान मिळतो, हे सांगायला संकोच वाटतो, पण ते तसे आहे. अधिवेशनाच्या आदल्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या फलाटावर आमदारांना गाठून कागद देणारे मी पाहिले आहेत. तो कागद बहुधा कोटाच्या खिशातच मुंबई पाहून परत येतो.

प्रश्न स्वीकृत झाला की त्याला क्रमांक मिळतो. तो विचारून घ्यावा. मग तीन उपप्रश्न एका चिठ्ठीवर लिहून द्यावेत, प्रत्येक एका वाक्याचा आणि हो, नाही, संख्या किंवा तारीख यांपैकी एकच उत्तर मागणारा : कन्नड माध्यमाच्या किती शाळांत एकही नियमित शिक्षक नाही? त्या पदांची जाहिरात कोणत्या महिन्यात निघेल? तोवर शेजारच्या शाळेतून शिक्षक देण्याचे लेखी आदेश आहेत काय? सभागृहात सदस्याला मिनिटभरही मिळत नाही, अध्यक्ष पुढच्या नावाकडे वळलेले असतात, आणि त्या गडबडीत लांब भाषणाचा उपयोग होत नाही.

याच सुमारास संबंधित कचेरीतून आपल्याला किंवा मुख्याध्यापकांना दूरध्वनी येऊ शकतो की, तुमचे काम करून देतो, प्रश्न मागे घ्यायला सांगा. अशा वेळी काम लेखी आदेशाने झाले आहे का ते पाहावे. झाले असेल तर सदस्यांना तसे कळवावे. त्यांची पत राखली गेली पाहिजे, कारण पुढच्या वेळी त्यांच्याकडेच जायचे आहे. तोंडी आश्वासनावर प्रश्न सोडू नये.

उत्तर आल्यावर

प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर येतात. आपले उत्तर छापून काढावे आणि शब्द न शब्द वाचावे. ‘हे खरे आहे’ असे असेल तर ती शासनाची कबुली झाली. ‘अंशतः खरे आहे’ असे असेल तर कोणता अंश मान्य केला ते पुढच्या ओळींत शोधावे. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असेल तर प्रश्न संपलेला नाही, लांबला आहे. मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत पदे भरू’ असे सांगितले असेल तर ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. सदस्यांना तशी आठवण करून द्यावी. आकडे आपल्या कागदांशी ताडून पाहावेत. शाळेच्या हजेरीपटावर दोन शिक्षक असताना उत्तरात चार कार्यरत दाखवले असतील तर ती तफावत पुढील प्रश्नाचा पाया होते, आणि त्याहून भक्कम पाया दुसरा नसतो, कारण तो सरकारच्याच शब्दांवर उभा असतो.

उत्तराच्या प्रती मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, गटशिक्षणाधिकारी आणि ग्रामपंचायत यांना पोच घेऊन द्याव्यात. उत्तरात दिलेली मुदत दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. ती टळली तर पुढच्या अधिवेशनासाठी नवी सूचना द्यावी लागते, आणि तिची सुरुवात नेहमीपेक्षा वेगळी असते : ‘तारांकित प्रश्न क्रमांक अमुक ला दिनांक अमुक रोजी दिलेल्या उत्तराच्या संदर्भात, सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. त्या प्रश्नाच्या पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे लिहिणे विभागाला जड जाते.